लोटन पाटलाची पाळधीपर्यंतची सायकल

लोटन पाटील जगात दोघांनाच भ्यायचा. एक म्हणजे पहाटे उठणं, आणि दुसरा नथ्थू कंपाउंडर. अठ्ठ्याऐंशी सालच्या आषाढात डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं, की पाटील, या दोघांपैकी एकाशी आता तुमची रोज गाठ पडणार, कोणाशी ते तुम्ही ठरवा.

त्याचं असं झालं. लोटन जळगावात पुखराजशेठच्या डाळमिलमध्ये काट्यावर होता. हमालांनी पोतं काट्यावर ठेवायचं, लोटननं बसल्या बसल्या वजन पुकारायचं, हमालांनी पोतं उतरवायचं. यातला बसायचा भाग तेवढा लोटनचा. वीस वर्षं त्यानं तो इतका मन लावून केला, की शेवटी डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, पाय चुरचुरायला लागले, आणि बायकोनं, प्रमिलानं, त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरनं चष्मा काढून ठेवला की समजावं, आपलं काही खरं नाही.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने देतो. रोज पहाटे सायकल मारायची, चांगली तास-दीड तास. पाऊस असो, वारा असो, खाडा करायचा नाही. गोड एकदम बंद. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. साखर उतरली तर गोळीवर भागेल. नाही उतरली तर रोज सकाळी सुई."

सुई म्हटल्याबरोबर पडद्यामागून नथ्थू कंपाउंडरनं डोकं बाहेर काढलं आणि लोटनकडे बघून तो हसला.

नथ्थूचा हात अख्ख्या पेठेला ठाऊक होता. तो आधी गुरांच्या दवाखान्यात होता असं लोक म्हणायचे, आणि ज्यांनी एकदा त्याची सुई घेतली त्यांना त्यात काडीची शंका उरायची नाही. स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळतेय आणि शेजारी हा धिप्पाड गडी बाह्या वर सारून उभा, विहीर खणायला निघाल्यासारखा. लोटन लहानपणी देवीची लस टोचणाऱ्याला बघून निंबावर चढला होता, तो दुसऱ्या दिवशी खाली उतरला. आता चाळिशी उलटल्यावर निंबावर चढवत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

"मारतो, मारतो सायकल," तो घाईघाईनं म्हणाला.

मारतो म्हणायला काय जातं हो! पहाटे पाच वाजता, बाहेर पाणी धो धो कोसळत असताना, गोधडीतून एक पाय बाहेर काढून बघा म्हणजे कळेल. प्रमिलानं पहिल्या दिवशी गजराचं घड्याळ पितळी पातेल्यात ठेवलं, म्हणजे आवाज घुमावा. लोटननं झोपेतच उठून पातेल्यावर ताट झाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं गोधडी ओढली, तर गडी चटई पांघरून झोपला. तिसऱ्या दिवशी मात्र त्या बाईला मंत्र सापडला. ती कानाशी वाकली आणि म्हणाली, "अहो, नथ्थू आला." लोटन ताडकन उठून उभा राहिला, आणि दोन्ही हात मागं कमरेवर.

पण उठला म्हणजे निघाला असं नाही, आणि निघाला म्हणजे गेला असंही नाही. पिंप्राळ्याच्या घरातून निघून हमरस्त्यावरच्या जकात नाक्यापर्यंत लोटन इमानदारीत पॅडल मारायचा. नाक्याच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली एक बाक होतं. तिथं कोरडं असायचं. सायकल भिंतीला लावून, डोक्याला पंचा गुंडाळून हा माणूस तिथं सव्वा तास घोरायचा आणि मग परत घरी. "आज गिरणेच्या पुलापर्यंत गेलो," तो सांगायचा. प्रमिला बिचारी भाबडेपणानं त्याचे पाय चेपायची आणि बिनसाखरेचा कोरा चहा पुढे करायची. आठवडा असा गेला. लाज म्हणाल तर थोडी वाटत होती, पण बाक फार छान होतं.

ते बाक मुळात कुत्र्याचं होतं. हे लोटनला ठाऊक नव्हतं, आणि कुत्रं आठवडाभर कुठं गावाला गेलं होतं कोण जाणे. नवव्या दिवशी ते परत आलं. काळं, एक कान फाटलेलं, जनावर कसलं, अस्सल घरमालक. त्यानं आपल्या जागेवर घोरणारा लोटन पाहिला आणि कानाशी येऊन जे काही म्हणायचं ते एकदाच म्हटलं.

लोटन सायकलवर कसा बसला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. घराच्या बाजूनं कुत्रं उभं, म्हणून सायकल निघाली पश्चिमेला, धुळ्याच्या दिशेनं. वरून पाऊस सुरू झाला. समोरून वारा असा, की शर्टाचा फुगा झाला. बांभोरीच्या अलीकडे गिरणेचा पूल आला, पुलाखाली पाणी लालेलाल दुथडी भरून चाललेलं. लोटननं पूलही पार केला. कुत्रं खरं म्हणजे नाक्यावरूनच परत फिरलं होतं. पण मागं वळून बघायची छाती कोणाची होती? हा गडी भेदरून पॅडल मारतोय तो मारतोच आहे, आणि अशा रीतीनं तो थेट पाळधीला आपल्या सासूच्या दारात जाऊन धडकला.

आता त्या काळात खेड्यावर फोन नव्हता. कोणी गेलं, की भाऊबंदांपैकी एक जण पहाटेच सायकल काढायचा, डोक्याला पंचा बांधायचा आणि गावोगाव सांगावा द्यायचा. असा सांगावा आणणारा घरात पाय ठेवत नाही, पाणीसुद्धा घेत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून नाव सांगतो आणि पुढच्या गावाला निघतो. भिकुबाईनं, लोटनच्या सासूनं, दार उघडलं तेव्हा काय पाहिलं? भर पावसात, धड उजाडलंही नाही अशा वेळी, जावई डोक्याला पंचा बांधून, सायकल धरून, उंबऱ्याबाहेर उभा. तोंड पांढरंफटक. आत येत नाही, बोलत नाही.

"अरे बाप रे! कोन गयं?" भिकुबाईनं हंबरडाच फोडला.

लोटनच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली. त्यानं फक्त हात हलवला, मागं, रस्त्याकडे. म्हणजे कुत्रं. पण तिला वाटलं, कोणीतरी गेलंच.

आवाजासरशी आळी गोळा झाली. बायकांनी पदर तोंडाला लावले. भिकुबाई एकेक नाव घ्यायला लागली. "मनी पोर? प्रमिला?" लोटननं जोरजोरात मान हलवली, नाही. "सुरतवाला? धाकला?" नाही. "थोरला?" नाही. प्रत्येक नाहीला आळीनं हुश्श करायचं आणि पुढच्या नावाला पुन्हा गळा काढायचा. सुरतेची दोन्ही पोरं झाली, सुना झाल्या, एरंडोलची नणंद झाली, अमळनेरचे दोन्ही दीर झाले. जसजशी नावं संपत आली तसतशी माणसं जास्तच घाबरली, कारण आता उरलेलं कोणीतरी नक्की गेलं होतं. गर्दीत उभे असलेले वना आबा, वय वर्षं ऐंशी, तर स्वतःचीच नाडी बघायला लागले.

शेवटी लोटनला श्वास सापडला. "कुत्रं," तो म्हणाला.

"कुत्रं गयं?" भिकुबाईनं डोळे पुसत विचारलं.

"मागं लागलं होतं, मामी."

मग आधी वना आबा हसले आणि मग सगळ्यांनी मिळून लोटनची अशी काही खिल्ली उडवली, की त्याला वाटलं कुत्रं परवडलं. पण भिकुबाईला हसू येईना. जिवंत लेकीच्या, जिवंत पोरांच्या नावानं सकाळी सकाळी गळा काढला, हा केवढा अपशकुन! तो उतरवायचा तर तोंड गोड केलं पाहिजे, आणि तेही घरच्या जावयाचं. लोटन नको नको म्हणेपर्यंत चुलीवर कढई चढली. रवा खमंग भाजला, वर साजूक तूप, दोन पिकली केळी कुस्करून, आणि साखर विचारू नका.

लोटननं ताटाकडे पाहिलं. डोळ्यांपुढे नथ्थू उभा राहिला. मग नाकाशी वाफ आली आणि नथ्थू हळूहळू दिसेनासा झाला.

वाटलं होतं सांगावं, की मामी, मला साखर आहे. पण सासरवाडीत जावयानं आपलं दुखणं काय सांगायचं? कसंतरीच वाटतं. आणि तेवढ्यात, एवढ्या पावसात कसे आलात, म्हणून भिकुबाईनं विचारलं, "पण इतल्या पान्यामा कशे काय उनात, जवाई?" तोंडात शिरा असताना माणसाचं डोकं चालत नाही, जीभ तेवढी चालते. लोटन म्हणाला, "तुमची आठवण आली, मामी. म्हटलं, भेटून यावं."

झालं. एवढ्याशा वाक्यानं पुढचं सगळं रामायण केलं. भिकुबाई पाच वर्षांपासून एकटी होती. मालक गेले, दोन्ही मुलगे सुरतेला कापडाच्या मागावर कामाला. ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस यायचे आणि सुरतेच्या गाडीची वेळ सांगत परत जायचे. आणि हा जावई, परक्याचं पोर, आठवण आली म्हणून भर पावसात दहा किलोमीटर सायकल मारून येतो! तिनं दुसरं ताट वाढलं. निघताना म्हणाली, "सकाय या." उद्या या.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रमिला कानाशी वाकायच्या आत लोटन अंघोळ करून तयार होता.

आणि मग तो माणूस कधी थांबलाच नाही. आषाढ सरला, श्रावण लागला. कधी आठ-आठ दिवस झड लागायची, कधी वारा असा सुटायचा की पुलावर सायकलवरून उतरून कठड्याला धरून चालावं लागायचं. केळीचे ट्रक जाता जाता डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं न्हाऊ घालायचे. एकदा रस्त्यात बाभूळ आडवी पडली, तर त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि शेतातून, गुडघाभर काळ्या मातीतून, चपला हातात धरून पलीकडे गेला. खताच्या प्लॅस्टिकच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन हा निघाला, की पिंप्राळ्यात लोक घड्याळं लावून घ्यायचे. बायका नवऱ्यांना म्हणायच्या, बघा जरा त्या लोटनभाऊंकडे. नवऱ्यांना लोटनभाऊ डोळ्यांसमोर नकोसे झाले.

एवढं बळ त्याला कुठून येत होतं, हे फक्त पाळधीच्या चुलीला ठाऊक होतं. सोमवारी शिरा, मंगळवारी लापशी, बुधवारी गुळाच्या पाकातला भात. श्रावणात कानबाई देवीच्या सणाच्या रविवारी तर मजाच झाली. रोटाचा प्रसाद भाऊबंदकीबाहेर द्यायचा नसतो, मग जावई उपाशी राहतो की काय, म्हणून भिकुबाईनं त्याच्यासाठी वेगळे खापरावरचे मांडे केले. पुरण ओतप्रोत. ती शेजारी बसून वारा घालायची आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "मना जवाई रोज येतस व बहिनी, पानी ऱ्हावो का वारा ऱ्हावो. फक्त मनं तोंड देखाले." फक्त तिचं तोंड बघायला, तेवढं ऐकताना लोटनला घास जरा अडकल्यासारखा व्हायचा. मग तो पाणी प्यायचा आणि पुढचा घास घ्यायचा.

सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते पुखराजशेठना. शेठ पहाटे देरासरात दर्शनाला जायचे, तेव्हा मोटारीच्या काचेतून त्यांना रोज लोटन दिसायचा, वाऱ्याशी झुंजत, गोणीची खोळ घेऊन. शेठ तत्त्वाचा माणूस. उपास करणारा, नेम पाळणारा. त्यांनी मिलमध्ये सगळ्यांना जमवून सांगितलं, "निष्ठा असावी तर लोटनभाऊंसारखी. दर शनिवारी आपण त्यांचं वजन बघू. बघा कसं झरझर उतरतं ते."

पहिल्या शनिवारी लोटन काट्यावर उभा राहिला. हमालांचा मुकादम झुलाल, त्यानं वजन पुकारलं, "एक्याण्णव!" पुढच्या शनिवारी साडेब्याण्णव. शेठ म्हणाले, कपडे ओले आहेत. त्यापुढच्या शनिवारी चौऱ्याण्णव. शेठ म्हणाले, मांड्या भरल्या, सायकलनं भरतातच. पाचव्या शनिवारी शहाण्णव झाले आणि शेठ काही म्हणाले नाहीत. सातव्या शनिवारी झुलालनं बारकाईनं काटा पाहिला, लोटनच्या पोटाकडे पाहिलं आणि बारीक आवाजात सांगितलं, "अठ्ठ्याण्णव आणि पाचशे ग्राम."

शेठ खुर्चीवरून उठले. चेहरा उतरलेला.

"काटा बिघडला," ते म्हणाले.

"शेठ, काटा बरोबर आहे, सकाळीच बघितला," झुलाल म्हणाला. त्यानं लोखंडी मापं आणून ठेवली. वीसला वीस, चाळीसला चाळीस.

"लहान वजनाला ठीक असेल. मोठ्या वजनाला जास्त दाखवतोय. अरे, मी या डोळ्यांनी रोज बघतो! हा माणूस दोन महिने पावसात सायकल मारतोय, याचं वजन वाढेल कसं? लोटनभाऊ खोटे की काटा खोटा? काटाच खोटा." शेठचा आवाज कापायला लागला. "म्हणजे दोन महिने आपण लोकांना पोत्यामागं कमी डाळ दिली. माझ्या हातून हे पाप झालं. झुलाल, ट्रक खाली करा."

बाहेर तूरडाळीची नव्वद पोती भरलेला ट्रक ताडपत्री बांधून उभा होता. पाऊस झिमझिमत होता. नव्वद पोती उतरवायची, हातगाड्यांवर घालायची, शेजारच्या मिलच्या काट्यावर नेऊन पुन्हा मोजायची आणि पुन्हा चढवायची. आणि पाण्याचा एक थेंब आत गेला तर डाळ गेली. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून लोटनकडे पाहिलं. शेठ तिकडे हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. कुठल्या उपासाचा संकल्प सोडत होते देव जाणे.

लोटन काट्यावर उभा होता. त्याला वाटलं, गप्प बसावं. काट्याचं काय, काट्याला थोडीच बायको आहे! पण झुलालनं ताडपत्रीची पहिली दोरी सोडली आणि लोटनला राहवलं नाही.

"शेठ, काटा खरा आहे!" तो ओरडला. "मी पाळधीला सासूकडे जातो. रोज शिरा खातो."

पाऊस तेवढा पडत होता. बाकी सगळं थांबलं.

"रोज?" शेठनं डोळे उघडले.

"रोज नाही शेठ. कधी लापशी, कधी मांडे."

झुलाल आधी गुडघ्यावर बसला, मग पोत्यावर पडला. हसून हसून त्याला उचकी लागली. मापाडी हसले, ट्रकचा ड्रायव्हर हसला, चाळणीवरच्या बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. शेठ तेवढे हसले नाहीत. ते काट्याजवळ आले, त्यांनी काट्याला हात लावून नमस्कार केला, आणि मग हळूच लोटनला विचारलं, "साजूक तुपातला?"

झुलालचं घरही पिंप्राळ्यातच. त्यामुळं लोटन संध्याकाळी घरी पोचायच्या आत शिरा घरी पोचला होता.

प्रमिला भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पातेलं आपटलं असतं, सासरचा उद्धार केला असता, तर लोटननं मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण ती रविवारी सकाळी एस. टी.नं पाळधीला गेली आणि संध्याकाळी परत आली. पोळ्या लाटता लाटता, पाठमोरीच, म्हणाली, "आईला सांगितलं. साखरेचं सांगितलं, सगळंच सांगितलं. तिनं रव्याचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. मग ओसरीवर बसली." पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "आई म्हणे, माझ्यासाठी नव्हते येत तर."

लोटनला त्या रात्री पोळी गोड लागली नाही आणि झोपही लागली नाही.

सोमवारी दोन महिने भरले. डॉक्टरांनी रक्त बघितलं, पुन्हा बघितलं आणि चष्मा काढला. लोटननं सगळं खरं सांगून टाकलं. आता लपवायला उरलंच काय होतं? डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पाटील, माझ्या तीस वर्षांच्या दवाखान्यात सायकल मारून साखर वाढवलेला माणूस मी पहिल्यांदा बघतो. ती सायकल आधी बंद करा. तुमची सायकल मला परवडत नाही. उद्यापासून अंगणात येरझाऱ्या घाला. आणि नथ्थू, उकळलं का पाणी?"

पाणी उकळलं होतं. दोन महिने उकळत होतं म्हणा ना. नथ्थूनं बाह्या सारल्या, आणि लोटनला कमरेखाली डाव्या बाजूला जे काही टोचलं, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. बाहेर बाकावर बसलेले दोघे पेशंट किंकाळी ऐकून उठून घरी गेले.

मंगळवारी पहाटे पाच वाजता लोटनला जाग आली. ना गजर झाला होता, ना प्रमिला वाकली होती. बाहेर पावसानं कहर केला होता, पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. गोधडी उबदार होती. गंमत बघा, ज्या दिवसाची तो आषाढापासून वाट बघत होता तो हाच. सुई लागायची ती लागलीच होती, म्हणजे आता भिऊन उठायचं कारण नाही. शिरा संपला, म्हणजे लोभानं उठायचंही कारण नाही. डॉक्टरनं स्वतःच्या तोंडानं सायकल बंद केलेली. झोपावं की नाही माणसानं पालथं पडून?

लोटननं या कुशीवरून त्या कुशीवर वळून पाहिलं. डाव्या कुशीवर ठणका लागला, उजव्या कुशीवर ओसरीवर बसलेली सासू दिसायला लागली. शेवटी तो उठला, खोळ घेतली आणि सायकल काढली. प्रमिला जागीच होती. तिनं पाहिलं, पण कुठं निघालात म्हणून विचारलं नाही.

इतका वाईट पाऊस त्या वर्षी पुन्हा झाला नाही. सीटवर टेकायची सोय नव्हती, म्हणून लोटननं अख्खे दहा किलोमीटर उभ्यानं पॅडल मारलं. पुलावर वाऱ्यानं खोळ उडाली ती गिरणेत गेली. समोरून आलेल्या दोन ट्रकनी नेहमीप्रमाणं न्हाऊ घातलं. एकदा खड्ड्यात चाक गेलं आणि गडी नकळत सीटवर आदळला, तेव्हा बांभोरीच्या लोकांना झोपेतून जाग आली असेल.

भिकुबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. चूल थंड होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. या म्हणाली नाही. लोटन अंगणात पाण्यात उभा राहिला. काय बोलावं याची दहा किलोमीटर तयारी केली होती, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"आते कशाले उनात?" ती सुपाकडे बघतच म्हणाली. "आज काई नही शे खावाले."

लोटनच्या तोंडून भाषा आपोआप घरची निघाली. "माले मालूम शे, मामी," तो म्हणाला. "म्हनीसनच उनू." म्हणूनच आलो.

भिकुबाईचे हात सुपात थांबले. मग तिनं पदरानं नाक पुसलं, सूप बाजूला सरकवलं आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"या," ती म्हणाली. "बठा."

लोटन ओसरीची पायरी चढला, त्या जागेकडे त्यानं फार आशेनं पाहिलं, आणि कमरेवर डावा हात धरून म्हणाला, "बठता येस नही, मामी. नथ्थूनी सुई टोची शे."

भिकुबाईनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. आणि मग ती म्हातारी अशी काही हसायला लागली, की शेजारपाजारची दारं उघडली, वना आबा काठी टेकत बाहेर आले, आणि आळीतले लोक विचारायला लागले की आज काय झालं. लोटन ओसरीच्या खांबाला धरून उभ्यानंच हसत होता, आणि त्याच्या कपड्यांतून गळणारं पाणी निवडलेल्या तांदळात चाललंय हे दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.